शस्त्रक्रियागृहातील परिचारिका आणि न्यायाचा पुरावा

या व्याख्यानमालेत आम्ही हा विषय मांडणार असे जाहीर झाले, तेव्हा दोन-चार स्नेह्यांनी विचारले की, कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने इस्पितळातल्या सिस्टरांच्या विद्येवर बोलायचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, यंत्रात हात सापडलेला कामगार, बांधाच्या भांडणात कोयत्याचा वार खाल्लेला शेतमजूर, उसाची ट्रॉली उलटून तिच्याखाली सापडलेला तोडणीवाला, ही सारी माणसे कोर्टाची पायरी चढण्याआधी एका टेबलावर आडवी होतात. ते टेबल शस्त्रक्रियागृहातले असते. पुढे दोन-चार वर्षांनी सत्र न्यायालयात किंवा भरपाईच्या दाव्यात जे सिद्ध व्हायचे असते, त्यातले बरेचसे त्या टेबलाभोवती पहिल्या तासाभरातच राहते किंवा जाते. आम्ही वैद्यकीच्या शाळेत गेलेलो नाही. जे कळले ते खटल्यांचे कागद वाचून, डॉक्टर-सिस्टरांना खोदून खोदून विचारून आणि ग्रंथालयातली पुस्तके चाळून. तेवढ्या शिदोरीवर बोलतो आहोत.

न्यायवैद्यक हा शब्द आपल्याकडे बहुतेकांना शवविच्छेदनामुळे ठाऊक आहे. माणूस मेला की त्याची चिरफाड करून कारण शोधणारे शास्त्र, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. परंतु मार खाल्लेली पुष्कळ माणसे जगतात, आणि जगलेल्या माणसाच्या अंगावरचा पुरावा मेलेल्याच्या अंगावरच्या पुराव्यापेक्षा लवकर नाहीसा होतो. जखम भरते, रक्त धुतले जाते, कपडे फेकले जातात. हा जिवंत माणसाजवळचा पुरावा ओळखणे, जपणे आणि योग्य हाती देणे हे ज्या परिचारिकेला शिकवलेले असते, तिच्या विद्येला न्यायवैद्यक परिचर्या म्हणतात. अमेरिकेत १९९२ मध्ये अशा परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९९५ मध्ये तिथल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संस्थेने ही शाखा मान्य केली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात या विषयाला आणि त्याबरोबर भारतीय कायद्यांच्या ओळखीला जागा दिली. म्हणजे पुढे पदवी घेऊन येणाऱ्या मुलींना निदान तोंडओळख असेल. आज ज्या सिस्टर वीस-वीस वर्षे थिएटरमध्ये उभ्या आहेत, त्यांना मात्र हे कोणी शिकवलेले नाही. महाराष्ट्रात जिवंत माणसाच्या न्यायवैद्यकाची चर्चा झाली ती मुख्यतः लैंगिक अत्याचाराच्या तपासणीबाबत. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आणि मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेने त्या बाबतीत मोठे काम केले आहे. शस्त्रक्रियागृहाकडे मात्र या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही.

आता अडचण नीट समजून घेऊ. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की, जखमी माणसावर आधी उपचार, पोलिसी सोपस्कार मागाहून. हा निकाल योग्यच आहे आणि त्याबद्दल कोणाच्या मनात किंतु नसावा. तथापि उपचार म्हणजे काय? तर धुणे, कापणे आणि शिवणे. धुतले की डाग गेला, कापले की मूळ जखमेची कड गेली, शिवले की आकार गेला. जीव वाचवणारा प्रत्येक हात नकळत पुरावा पुसत असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद आली, आणि ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची सवड दिली. तरतूद चांगली आहे. पण तज्ज्ञ शेतातल्या बांधावर पोचेपर्यंत घटनास्थळाचा सर्वांत बोलका तुकडा १०८ च्या गाडीतून निघून गेलेला असतो, आणि तो जिथे पोचतो तिथे तज्ज्ञ जात नाही.

तिथे असतात त्या सिस्टर. भूल देणारा डॉक्टर श्वासाकडे पाहत असतो, सर्जन रक्तस्रावाकडे. त्यांनी दुसरीकडे पाहूही नये. टेबलाशी हात धुऊन उभी असलेली एक सिस्टर हत्यारे देते. दुसरी बाहेरून फिरती राहून लागेल ते आणून देते आणि नोंदी ठेवते. या दोघींचे एक काम असे आहे की जे इस्पितळात दुसरे कोणी करत नाही. त्या मोजतात. पोट उघडण्यापूर्वी गॉजचे तुकडे किती, सुया किती, चिमटे किती. शिवण्यापूर्वी पुन्हा तितकेच आहेत ना. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची जी यादी काढली, तिच्यातही ही मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने तोंडी सांगावे असे आहे. मोजणे, नोंदणे आणि सही करणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना पुरावा जपणे ही नवी विद्या वाटू नये. आत आलेली वस्तू मोजायची सवय आहेच. तीच नजर अंगातून बाहेर निघालेल्या वस्तूकडे वळवायची.

कपड्यांपासून सुरुवात करू. जखमीच्या अंगावरचा सदरा घाईने कापावा लागतो, आणि कात्री नेमकी फाटलेल्या जागेतून घालणे सोपे असते. तसे केले की सुरीने पडलेली चीर कोणती आणि कात्रीची कोणती हे पुढे कोणी सांगू शकत नाही. म्हणून शिवणीच्या बाजूने कापावे, भोक किंवा चीर सोडून. कापलेला कपडा झटकू नये, जमिनीवर टाकू नये. आणि ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये, कारण त्यात बुरशी धरते आणि रक्ताचा नमुना कुजून वाया जातो. तो सावलीत वाळवून कागदी पिशवीत, प्रत्येक कपडा वेगळा, ठेवावा. आमच्या जिल्ह्यात होते काय, तर कपड्यांचे बोचके नातेवाइकाच्या हाती दिले जाते आणि ती बाई बिचारी ते धुऊन वाळत घालते. तिला दोष कसा देणार? हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही घडले आहे. १९६३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांच्या गाडीत बसलेले गव्हर्नर कॉनली जखमी झाले. चौकशी आयोगासमोर त्यांचा कोट आला तो धुऊन, इस्त्री करून!

त्याच दिवशीच्या दोन गोष्टी आणखी सांगण्यासारख्या आहेत. डॅलसच्या इस्पितळात केनेडींना श्वास मिळावा म्हणून डॉक्टरांनी गळ्याला छेद दिला तो गळ्यावरच्या गोळीच्या जखमेतूनच. शवविच्छेदन दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांनी केले. त्यांना तिथे जखम होती हेच कळले नाही. दुसऱ्या दिवशी डॅलसला फोन केल्यावर उलगडा झाला. त्या एका छेदावरून साठ वर्षे वाद चालला आहे. दुसरी गोष्ट कॉनली यांची. त्यांच्या मनगटातून निघालेले गोळीचे बारीक कण शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका ऑड्री बेल यांच्यामार्फत पाकिटातून पोलिसाच्या हाती गेले, आणि पुढे ते कण किती होते यावरूनच तंटा झाला. मोजणीची नोंद कोणाला क्षुल्लक वाटत असेल तर त्याने ही हकिगत ध्यानात ठेवावी.

गोळीबद्दल आणखी थोडे. हिंदी सिनेमात डॉक्टर छातीतून गोळी काढतो आणि ती ट्रेमध्ये टण् आवाज करून पडते. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात. न्यायवैद्यकाच्या दृष्टीने तो टण् आवाज म्हणजे पुराव्याचा घात आहे. पिस्तुलाच्या नळीत पिळदार खाचा असतात आणि त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. त्यावरूनच ही गोळी अमुक हत्यारातून सुटली हे प्रयोगशाळा सांगू शकते. गावठी कट्ट्याच्या नळीत अशा खाचा बहुधा नसतात, तरी नळीच्या खडबडीतपणाच्या खुणा उमटू शकतात. दातेरी चिमट्याने गोळी पकडली किंवा धातूच्या ट्रेमध्ये टाकली की त्यांवर नवे ओरखडे पडतात. म्हणून चिमट्याच्या टोकांना रबरी नळीचा तुकडा चढवावा, गोळी घासून धुऊ नये, गॉजमध्ये गुंडाळून लहान डबीत ठेवावी आणि डबीवर रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, शरीरातली जागा, तारीख व वेळ लिहावी. डबी, गॉज आणि रबरी नळी ही तर प्रत्येक थिएटरात असतात.

याचे मोल किती, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे आमच्याच जिल्ह्यातल्या कोल्हार गावचे. कामगारांचे वकील म्हणून कोल्हापुरात त्यांचे आयुष्य गेले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी त्यांच्यावर व उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्यावर कोल्हापुरात शस्त्रक्रिया झाल्या, मग मुंबईला हलवण्यात आले आणि २० तारखेला ते गेले. उमाताई वाचल्या. पुढे दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश या चार हत्यांतली काडतुसे व गोळ्या एकमेकांशी ताडून पाहण्यात आल्या; हत्यार एक की दोन, कोणते कुठे वापरले, यावर प्रयोगशाळांची मते आणि न्यायालयांतले युक्तिवाद वर्षानुवर्षे चालले. मारेकरी पळून जातो, हत्यार खाडीत फेकले जाते, उरते ते तेवढेच. आणि गोळी लागलेला माणूस चार दिवस जगला असेल, तर त्याच्या देहाला पहिला हात शवविच्छेदन करणाऱ्याचा लागत नाही, उपचार करणाऱ्यांचा लागतो.

आता आमच्या रोजच्या कामाकडे येतो. पिस्तुले आमच्या वाट्याला क्वचितच. प्रेस मशीन मात्र दर महिन्याला. यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराची भरपाई कशी ठरते हे पुष्कळ डॉक्टरांनाही ठाऊक नसते. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात एकेका पेराचा भाव लिहिलेला होता: पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, त्याचे शेवटचे पेर गेले तर २०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरे ११, एक पेर ९, आणि हाड शाबूत राहून नुसते टोक गेले तर ५. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे; पण अवयवागणिक टक्केवारी ठरवण्याची रीत तीच आहे. आता शस्त्रक्रियेच्या कागदावर ‘बोट चेचले, साफ करून टाके घातले’ एवढेच लिहिले असेल, तर ९ आणि ५ यांतला फरक कामगाराने कशाने दाखवायचा? सर्जन घाईत असतो. कोणते बोट, कितवे पेर, हाड आले की नाही, हे फिरत्या सिस्टरने विचारून नोंदवहीत उतरवले तर एका कुटुंबाच्या भाकरीचा प्रश्न सुटतो.

याहून नाजूक गोष्ट दारूची. कायद्यात जुनेच कलम नव्या संहितेतही आले आहे की, मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल आणि अपघात थेट नशेमुळे घडला असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. त्यामुळे बोटे तुटली की मालकाचा पहिला बचाव ‘पिऊन आला होता’ हाच. एका प्रकरणात आमच्यासमोर अपघात विभागातली चिठ्ठी आली. तीवर ‘दारूचा वास’ असे दोन शब्दी निदान केलेले. कोपरापासून खाली हात स्पिरिटने पुसलेला, मग वास कशाचा येणार? सुदैवाने थिएटरच्या सिस्टरने भूल देण्यापूर्वी एक ओळ लिहून ठेवली होती: रुग्ण शुद्धीवर, नाव, गाव, पाळीची वेळ बरोबर सांगतो, बोलणे स्पष्ट. पुढे वेळ आणि सही. त्या एका ओळीवर मालकाच्या वकिलाची उलटतपासणी अडली आणि दावा मिटला. खरे तर यासाठी रक्ताचा नमुनाच हवा. तो सलाइन आणि बाहेरचे रक्त चढवण्यापूर्वी घेतलेला हवा, सुई टोचण्याची जागा स्पिरिटने पुसलेली नको, आणि नळीत सोडियम फ्लोराइड हवे, नाहीतर ठेवल्या ठेवल्या प्रमाण बदलते. नमुना घ्यायचे डॉक्टरांनी सांगायचे. पण गट तपासण्यासाठी पहिले रक्त काढले जाते त्याच वेळी आठवण कोण देणार? कामगार प्यायलेला असेल तर तेही त्यात दिसेल. आम्ही त्याला भीत नाही. आम्हाला खोट्या वासाची भीती आहे.

तुटलेल्या बोटाचे काय होते? ते पिवळ्या पिशवीत जाते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि तो जाळला जातो. आरोग्यासाठी हा नियम बरोबरच आहे. पण पोलिसी नोंद झालेल्या रुग्णाच्या बाबतीत पिवळी पिशवी बांधण्यापूर्वी ‘यातले काही हवे आहे का?’ एवढे डॉक्टरांना विचारून त्यांचे उत्तर लिहून ठेवणे हे सिस्टरच्या हाती आहे. इथे आणखी एक खाच आहे. सवयीने सर्व काही फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असेल तर ते ठीक. डीएनए किंवा विष तपासायचे असेल तर फॉर्मॅलिनने नमुना बिघडतो.

वस्तूंइतकेच शब्दही जपावे लागतात. भूल देण्यापूर्वीचे शेवटचे शब्द कित्येकदा आयुष्यातले शेवटचे ठरतात. मृत्युपूर्व जबाब बहुधा नायब तहसीलदार नोंदवतात, परंतु रात्री दोन वाजता ते यायला वेळ लागतो आणि पोटात वार झालेला माणूस थांबू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितले की, जबाब देणारा शुद्धीवर होता याबद्दल नोंदवणाऱ्याची खात्री पटलेली असेल, तर डॉक्टरचा दाखला नाही एवढ्यासाठी तो जबाब फेटाळू नये. म्हणून सिस्टरच्या कानावर काही पडले तर ते त्याच्याच शब्दांत लिहावे. ‘धाकल्या चुलत्यानं हाणलं’ असे तो म्हणाला, तर ‘नातेवाइकाने मारहाण केली’ असे शुद्ध मराठी करू नये. आपण होऊन नाव विचारू नये, सुचवू तर अजिबात नये. जखमेचेही तसेच: ‘कडा सरळ, लांबी अमुक’ असे वर्णन लिहावे, गोळी इकडून शिरली, तिकडून निघाली, हा निष्कर्ष तज्ज्ञांवर सोडावा.

जपलेली वस्तू पुढे कशी जाते यावर सारे अवलंबून आहे. टेबलावरून डबीत, डबीतून कपाटात, कपाटातून पोलिसाच्या हाती, तिथून प्रयोगशाळेत. प्रत्येक हाताला नाव, वेळ आणि सही हवी. मधला एक हात निनावी राहिला की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. पोलिसाला मुद्देमाल देताना पावती घ्यावी आणि पावतीची प्रत इस्पितळात राहावी. याला आमचे एक जास्तीचे कारण आहे. लाठीमारात डोके फुटलेला संपकरी थिएटरात येतो तेव्हा मारणारा आणि मुद्देमाल न्यायला येणारा एकाच खात्याचा असतो. सिस्टर ही पोलिसांची मदतनीस नाही, तशी ती आमचीही नाही. तिने जपलेली वस्तू आरोपीला निर्दोषही ठरवू शकते, आणि ठरवावे.

वस्तूच्या साक्षीला आपल्या जिल्ह्यात इतके महत्त्व का, हे नगरकरांना वेगळे सांगायला नको. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सारे आरोपी सुटले. त्याच महिन्यात, त्याच नगरच्या न्यायालयात, कोपर्डीच्या खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याची कडी न् कडी जोडून तिघांना दोषी ठरवले गेले. या दोन्ही गोष्टी शस्त्रक्रियागृहातल्या नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण ज्या गावात साक्षीदाराला त्याच पाटलाच्या शेतावर उद्या कामाला जायचे असते, तिथे माणसाची जीभ फिरते. डबीतली गोळी आणि पिशवीतला सदरा फिरत नाही.

हे सारे ऐकून सिस्टर म्हणतात, ‘भाऊ, कोर्टाची भानगड नको.’ त्यांची भीती निराधार नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले, तेव्हा अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या. पोलीस आणि कागद म्हटले की त्यांना तेच आठवते. शिवाय खाजगी इस्पितळात साक्षीचे समन्स आले तर त्या दिवसाची रजा मांडली जाते, आणि अकोल्याहून नगरला यायचे भाडे पदरचे. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. साक्षीचा दिवस कामाचा धरावा आणि प्रवासखर्च मिळावा. पुरावा जपण्याची रीत लेखी असावी, म्हणजे चुकले तर एकट्या सिस्टरच्या माथी मारले जाणार नाही. ग्रामीण रुग्णालयापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत नोंदीचा नमुना एकच असावा, कारण पुष्कळदा कपडे जामखेडला राहतात आणि रुग्ण नगरला येतो. प्रशिक्षण दोन दिवसांचे पुरे, पण ते पाळीच्या वेळेत द्यावे. सुट्टीच्या दिवशी बोलावून नव्हे.

जागा आणि पैसा नाही ही सबब आम्ही मानत नाही. कागदी पिशव्या, डब्या, लाख आणि एक कुलपाचे कपाट, एवढाच खर्च. एका सिस्टरने मात्र खरा प्रश्न विचारला: रात्रपाळीला त्या कपाटाची किल्ली कोणाकडे? गुंगीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली जिच्याकडे असते, तिच्याकडेच ठेवावी. ती किल्ली पाळीगणिक सही करून देण्या-घेण्याची वही शस्त्रक्रियागृहात आधीपासूनच असते. तिच्यात एक रकाना वाढवायचा आहे.